ओसरी नसलेलं घर

आमच्या घराला ओसरी नव्हती. पुसदहून दिग्रसकडे जाणाऱ्या रस्त्यावर एवढं मोठं घर, समोर सहा खांब, खांबांच्या डोक्यावर सिमेंटची पानं, पानांवर भलामोठा त्रिकोण, आणि उन्हातून आलेल्या माणसाला चपला काढायला हातभर सावली नाही. एसटीतले लोक खिडकीतून माना काढून बघायचे. कुणी म्हणे कोर्ट आहे, कुणी म्हणे टॉकीज. मी तेव्हा नागपूरला आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि त्या घराचा नकाशा माझ्याच हातचा होता. खालची सही एका पास झालेल्या साहेबांची, पण रेघा माझ्या. घर असं का झालं, हे मला दोघांनी विचारलं, माझ्या आईनं आणि हसन मिस्त्रींनी. दोघांनाही मी खोटं सांगितलं. आता दोघंही नाहीत, तेव्हा लिहायला हरकत नाही असं मी स्वतःची समजूत घालून बसले आहे.

आम्ही तांड्यावरचे. आईला याडी म्हणायचो आणि वडिलांना बापू. घरात गोर बोली, बाहेर वऱ्हाडी. इथं मी सगळ्यांना वऱ्हाडीतच बोलायला लावते आहे, म्हणजे वाचणाऱ्याला सोपं जाईल. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखातून फिरले. बापू त्याच धंद्यात होते म्हणायला हरकत नाही, फक्त बैलांच्या जागी ट्रक आले आणि मिठाच्या जागी गिट्टी. माळावर त्यांचं दगड फोडायचं क्रेशर होतं. सकाळी सातला ते सुरू झालं की तांड्यावरच्या आमच्या कवेलूच्या घरात भांडीसुद्धा हलकेच वाजायची आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते थांबलं की कानात पोकळी पडायची. त्या शांततेत याडी भाकरी थापायची. अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, ठेचा, आणि हिवाळ्यात तुरीचे सोले. बापू केसांत गिट्टीची पांढरी भुकटी घेऊन जेवायला बसत आणि म्हातारपणी ते कसे दिसतील ते मी आधीच पाहून ठेवलं होतं. ते जेवताना बोलत नसत. याडी मात्र दोघांचं मिळून बोलायची.

घराची कल्पना एका कॅलेंडरवरून आली. सिमेंटच्या दुकानात मिळालेलं कॅलेंडर. त्यावर कुठल्या तरी थंड देशातली पांढरी कोठी, भिंतीत अर्धे रुतलेले खांब, खांबांच्या मधोमध माणसापेक्षा उंच काचेच्या खिडक्या, पुढं हिरवळ, वर ढगाळ आभाळ. बापूंनी त्यातला तो महिना कापून ट्रकच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवला होता. सुट्टीत मी घरी आले तसा त्यांनी तो माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "हे काढून दे. असंच. रस्त्याकडं तोंड करून."

रस्ता आमच्या जागेच्या पश्चिमेला. म्हणजे घराचं तोंड पश्चिमेला आणि तोंडभर काच. मी दोन वर्षांत जे शिकले होते ते सगळं त्या एका दुपारी ओतलं. त्या देशात ऊन मिळत नाही, म्हणून भिंत पुढं आणतात, काच मोठी करतात, ऊन घरात बोलावतात. आपल्याकडं उन्हाला दारातच अडवायचं असतं. गोरे साहेब इकडं राहायला आले तेव्हा त्यांनीसुद्धा खांब तेच ठेवले, पण भिंत आठ-दहा फूट मागं सरकवली आणि मधल्या सावलीत खुर्च्या टाकून बसले. खांब ठेवा, त्रिकोण ठेवा, पानं ठेवा, फक्त भिंत मागं घ्या. रस्त्यावरून काही फरक दिसणार नाही, उलट खांब उठून दिसतील. बापूंनी सगळं ऐकून घेतलं. मग कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणाले, "इथं हाय का मागं? नाई ना?"

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला वाटायचं, माणूस समजावून सांगितलं की ऐकतो. आता माझ्याकडं यवतमाळच्या ऑफिसात लोक मोबाईलवर फोटो घेऊन येतात. तेच खांब, तीच पानं, आता तर तयार फायबरचे मिळतात, टेम्पोत घालून आणायचे आणि चिकटवायचे. मी त्यांना पहिल्यांदा भिंत मागं घ्यायला सांगते. बरेच जण ऐकतात. एखादा नाही म्हणाला तर मी कारण विचारत नाही. माझ्याकडं कामाला असलेल्या पोरी म्हणतात, मॅडम, तुम्ही वाद का घालत नाही? मी चहा मागवते.

याडीला खांबांचं काही पडलेलं नव्हतं. तिला बसायला जागा हवी होती. तांड्यावरच्या घरापुढं तुराट्यांचा मांडव होता, तिथं तिचा दिवस जायचा. तूर निवडणं तिथं, काशिदा काढणं तिथं, भांडण तिथं. चार दिवस कुणी भांडायला आलं नाही तर तिला चुकल्यासारखं व्हायचं. नव्या घराच्या नकाशावर तिनं एकच प्रश्न विचारला, "मी कुठं बसू?" मी हॉल दाखवला, स्वयंपाकघर दाखवलं. ती म्हणाली, "हे त समदं आत हाय. मले बाहेर बसायले जागा ठेवजो बाई. मी आत मरून जाईन." ती सहज म्हणाली. पण मी घाबरले, कारण तिला ऊन सोसत नव्हतं. दर मे महिन्यात एकदा तरी तिला चक्कर यायचीच आणि तांड्यावरच्या बायका तिच्या तळव्यांना कांदा चोळत बसायच्या. त्या पश्चिमेच्या काचेमागं दिवसभर राहणार होती ती. बापू क्रेशरवर, मी नागपुरात. घर बापूंना लोकांना दाखवायला हवं होतं आणि राहायचं तिला होतं.

मग मी आणि याडीनं एक लबाडी केली. हसन मिस्त्री त्यात तिसरे. हे पुसदचे जुने गवंडी, दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि कॅलेंडरवरच्या खांबांच्या पानांना ते पहिल्या दिवसापासून फुलगोभी म्हणायचे. "बेटी, फुलगोभी मैं ऐसी बनाऊंगा के बकरी आके खाएगी," असं मला सांगायचे. पाया आखायचा होता. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची आणि दोरीवरून चुन्याची फक्की टाकत जायचं, म्हणजे जमिनीवर अख्खं घर पांढऱ्या रेघांनी उमटतं. बापू दहानंतर येणार होते. आम्ही सातलाच गेलो. मिस्त्रींनी खांबांच्या खुंट्या होत्या तिथं ठेवल्या आणि समोरच्या भिंतीची दोरी आठ फूट मागं घेतली. याडी त्या आठ फुटांत जाऊन बसली, चांगली पाय पसरून, आणि हात हलवून म्हणाली, "हे माहं." इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली. आमचा हिशेब असा होता, की बापूंना चुन्याच्या रेघांतलं काय कळणार, पाया वर आला की बघू.

गिट्टीचे ढीग पावलांनी मोजून भाव ठरवणारा माणूस तो. दहाला आले, रस्त्यापासून चालत खांबांच्या रेघेपर्यंत आले, थांबले, मग पावलं मोजत आठ फूट पुढं गेले आणि दुसऱ्या रेघेवर थांबले. त्यांनी मिस्त्रींना चहा प्यायला पाठवलं. याडीला म्हणाले, "तू बी जाय." मला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि त्याआधीच मी तोंड सोडलं. म्हटलं, कॅलेंडर पाहून कुणी घर बांधतं का? उद्या तिला ऊन लागून काही झालं तर लोकांना खांब दाखवत बसा. अजून पुष्कळ बोलले. शेवटी, मला आजही लिहायला लाज वाटते, मी म्हणाले, "शिकलेल्या माणसाचं ऐकायचं असतं."

बापू खाली बसले, तिथंच, चुन्याच्या रेघेवर. धोतराला चुना लागला.

"तुह्या याडीले मालूम हाय का मी चौथी शिकलो," ते म्हणाले. "कुठं बसून शिकलो ते मालूम नाई."

मी उभीच होते.

"आमच्या वक्ती गावात शाळेची खोली नव्हती. मास्तर पाटलाच्या वाड्यात शिकवे. ओसरीवर समदे पोरं. पानी आलं का पोरं आत माजघरात जात. मी ओसरीवरच. तांड्याच्या पोराले आत कोन घेईन? चार वर्सं. लिहिनं मी डोळ्यानं शिकलो, पाढे कानानं. दार लोटलेलं राहे, आतून आवाज ये. बावीसचा पाढा मले अजून येत नाई. त्या रोजी पानी लय जोरात होतं."

ते हसले. मी जे माहीत होतं तेच पुन्हा बोलले. "पण बापू, ओसरीनं घर गार राहते."

"मले नको सांगू गार राहते. तिच्यावानी गार जागा मी जिंदगीत पाह्यली नाई. मले नाई मालूम त कोनाले मालूम?" मग त्यांनी रस्त्याकडं बोट केलं. "माह्या घरी जो येईन तो सीधा आत येईन. पाटील असो का हमाल. बाहेर बसवाची जागाच नाई ठेवाची. जागा ठेवली का कोनी ना कोनी तिथं बसतेच."

उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. म्हणाले, "याडीले सांगजो नको. तिले वाटते मी शाळेत बसलो होतो."

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. पाटील कधीच मेलेला. बापूंवर काढावा तर ते समोर धोतराचा चुना झटकत होते. मी चपलेनं ती मागची रेघ पुसली, दोरी स्वतः पुढं आणली आणि घमेल्यातला चुना ओंजळीनं घेऊन खांबांच्या रेघेवरच भिंत आखली. मिस्त्री आणि याडी चहा पिऊन आले तेव्हा काम झालेलं होतं. याडीनं विचारलं, "काहून गं?" मी म्हटलं, भिंत मागं घेतली तर पाया बसत नाही, खाली मुरूम कच्चा आहे. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. त्या माळावर कुदळ मारली तर ठिणगी उडे, मुरूम कच्चा कुठला! पण ते घमेलं उचलून कामाला लागले. मिस्त्रींनी पुढं एकदा एकटं गाठून विचारलं, तेव्हा त्यांनाही मी मुरूमच सांगितला.

जमेल ते मी केलं. छत चौदा फूट उंच घेतलं. गरम हवा वर जाऊन निघून जावी म्हणून त्रिकोणात एक गोल झरोका ठेवला. खिडक्यांवर छज्जा काढू म्हटलं, तर छज्ज्यानं खांब मधोमध कापले जातात म्हणून बापूंनी तो नको म्हटला, आणि ते खरंच होतं, कापले जात होते. झरोक्यातून हवा बाहेर जायच्या ऐवजी क्रेशरची भुकटी आत आली, तेव्हा त्यालाही काच बसली. बांधकामाचा उन्हाळा मात्र याडीचा फार चांगला गेला. खांबांना तराई करायची म्हणून त्यांना ओलं बारदान गुंडाळलेलं असायचं आणि टँकरच्या पाण्यानं ते दिवसातून चारदा भिजवायचं. ते काम याडीनं मागून घेतलं. दोन ओल्या खांबांच्या मध्ये पोतं टाकून ती तूर निवडत बसायची, वरून पाणी ठिबकायचं, आणि मिस्त्री बांबूच्या पाडावर बसून फुलगोभी कोरायचे. बारदान काढलं त्या दिवशी खांब पांढरे स्वच्छ निघाले. सगळा तांडा बघायला आला. बापूंनी प्रत्येकाला, चपलांसकट, हात धरून आत नेलं. एक म्हातारा हमाल दारातच बसायला लागला, त्यालाही उठवून सोफ्यावर बसवलं. तो अवघडून अगदी कडेला बसला होता.

पुढचा उन्हाळा त्या घरातला पहिला. दुपारी तीनला हॉलच्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. दोन कूलर होते, पण वीज आठ-आठ तास नसायची आणि असली तर कूलरला घालायला पाणी नसायचं. याडीनं पडदे लावले, पडद्यांवर गोधड्या लावल्या, मग एक दिवस स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ओलं लुगडं अंथरून झोपली. मी नागपूरहून परीक्षा देऊन आले त्याच दिवशी ती पडली. अंग चुलीसारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध. पुसदच्या दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर हाती लागल्या नसत्या. बापू बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसले. दोघांनाही सगळं माहीत होतं.

याडी बरी झाली ती तांड्यावरच्या जुन्या घरी, मांडवाखाली. बापू रोज संध्याकाळी तिथं येऊन भाकर खाऊन परत जायचे, त्या सहा खांबांच्या घरात एकटे झोपायला. घरी चल असं ते तिला म्हणाले नाहीत. पंधरा दिवसांनी मला म्हणाले, "समोर पत्र्याचं शेड टाकता येईन का?" मी म्हटलं, येईल, पण खांब झाकले जातील. "जाऊ दे," म्हणाले. लोखंडी पाइप, वर पत्रे, पत्र्यांवर तुराट्या. कॅलेंडरवरची कोठी रस्त्यावरून दिसेनाशी झाली. याडी घरी आली आणि शेडमध्ये पाय पसरून बसली. तिला वाटलं, शेवटी नवरा वठणीवर आला. सगळ्या तांड्यात तिनं सांगितलं.

बापू तिथं कधीच बसले नाहीत. याडी शेडमध्ये चहा घेऊन बसायची आणि ते खुर्ची ओढून दाराच्या आत, उंबऱ्याच्या अलीकडं. घामानं सदरा भिजलेला. "या ना बाहेर, कायले शिजून राह्यले?" ती म्हणायची. ते म्हणत, "इथून बोलतो ना मी." वीस-बावीस वर्षं ते दोघं असे उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसून बोलले. ती त्यांना हेकट म्हणायची, आल्या-गेल्यापुढं त्यांची टर उडवायची, आणि मी तिथं असले तर हसायची. मला कितीदा वाटलं, सांगून टाकावं. शब्द दिला होता. शिवाय मला भीती होती, की सांगितलं तर ती लगेच उठून आत जाऊन बसेल.

मग बापूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मे महिन्यात मी त्यांच्याजवळ राहायला गेले होते. वादळानं तारांचे खांब पडून दोन दिवस वीज नव्हती, इन्व्हर्टरची बॅटरी संपलेली. हॉलमध्ये ते खाटेवर धापा टाकत होते. डॉक्टर फोनवर म्हणाले, त्यांना गार जागेत हलवा, लगेच, नाहीतर राहणार नाहीत. गार जागा घरात एकच होती. शेडला याडीनं वाळ्याचे पडदे लावून ते भिजवून ठेवले होते. आमचे चार ड्रायव्हर आले आणि त्यांनी खाट उचलली.

खाट दारात आली तेव्हा बापूंनी डाव्या हातानं चौकट पकडली. ड्रायव्हर थांबले. एक जण हसून म्हणाला, "पकड अजून भारी हाय बापूची." याडी बाहेरून म्हणाली, "सोडा ना आता. काहून धरून राह्यले?" बापू तिच्याकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते. तोंडातून नुसता आवाज येत होता. मी त्यांच्या कानाशी वाकले. म्हटलं, बापू, ही ओसरी आपली आहे, आपल्याच घराची आहे. त्यांचा श्वास लागत होता, ड्रायव्हरांचे हात भरून आले होते. मी त्यांची बोटं चौकटीवरून सोडवली. एकेक करून.

खाट बाहेर ठेवली. थोड्या वेळानं धाप कमी झाली. याडी ओल्या फडक्यानं त्यांचं कपाळ पुसत होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही तिनं त्याच फडक्यानं पुसलं.

"पाह्य, किती गार वाटून राह्यलं त्याईले," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.